पत्र्यावरचा सेनापती

पुतळ्याचा फोटो हातोहात फिरत उमाशंकर पेंटरपाशी आला तेव्हा त्यानं आधी चष्मा पुसला, मग फोटो पुसला, आणि मग पुन्हा एकदा चष्मा पुसला. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पुतळा समितीचे अकरा जण त्याच्या तोंडाकडं बघत बसले होते. बारा फुटी पुतळ्याचा हा मातीचा नमुना. पेंटरनं मान हलवली की ओतकाम सुरू. करवंजी गावात भानजीबाबाच्या बाबतीत शेवटचा शब्द पेंटरचा असायचा, कारण बाबा आजवर फक्त त्याच्याच स्वप्नात आले होते.

नमुना वाईट नव्हता. छातीवर घट्ट बसलेलं चिलखत, त्या चिलखतावरच कोरलेली पोटाची वळणं, कमरेखाली लोंबणाऱ्या चामडी पट्ट्या, पोटऱ्यांपर्यंत वाद्या गुंडाळलेल्या चपला, डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण आणि डाव्या हातात उपसलेली तलवार. सगळं पेंटरनं तेहेतीस वर्षांपूर्वी काढलेल्या चित्रातून जसंच्या तसं उचललेलं होतं, एक वादी इकडची तिकडं नाही. बदलला होता तो फक्त चेहरा. मिशांना पीळ दिला होता, डोळे वटारले होते, हनुवटी पुढं आली होती.

समितीचा अध्यक्ष रणधीर मोकळ्या मनाचा, चाळिशीला टेकलेला माणूस. त्यानं सांगून टाकलं की मूर्तिकाराला मूळ चेहरा जरा मवाळ वाटला. सेनापती म्हटल्यावर तोंडावर जरब पाहिजे, नाहीतर चौकात उभा करून उपयोग काय. सगळ्यांना ते पटलं. उमाशंकरनं फोटो पुढं सरकवला आणि "चांगलाय" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग पुढचा विषय निघाला. भिंतीवरचा जुना पत्रा, म्हणजे पेंटरचं मूळ चित्र, खालच्या अंगानं गंजत चाललं होतं. नवा पुतळा बसल्यावर जुन्याची हेळसांड नको, म्हणून देवाच्या जुन्या तसबिरीचं करतात तसंच त्याचंही करायचं ठरलं: अनावरणाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत न्यायचं आणि तलावात विसर्जन करायचं. अकराच्या अकरा हात वर गेले. दारात चन्नम्मा झाडत होती. तिचा खराटा थांबला, तेवढं एकट्या उमाशंकरच्या कानांनी टिपलं.

बैठक उठल्यावर तो हापशापाशी चप्पल धूत उभा राहिला. चप्पल काही मळली नव्हती. चन्नम्मा हातातला खराटा तसाच घेऊन आली, इकडंतिकडं बघितलं, आणि तेहेतीस वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते बोलली.

"भाऊजी, आता म्या कुठं बघू?"

उमाशंकरनं धुतलेली चप्पल पुन्हा हापशाखाली धरली. ती कचऱ्याची पाटी उचलून निघून गेली.

आता हा घोळ मुळापासून सांगायला हवा. एक्याण्णव साली ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावच्या वीराचं चित्र कचेरीत लागलंच पाहिजे. वीर म्हणजे भानजी नाईक. कधीकाळी पेंढारी गावावर चालून आले तेव्हा हा एकटा वेशीत उभा राहिला आणि तिथंच पडला, एवढंच गावाला माहीत. वेशीतल्या त्याच्या दगडावरची आकृती झिजून झिजून अशी झाली होती की तो माणूस आहे की खांब, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं. उमाशंकर तेव्हा पंचक्रोशीतला एकुलता एक पेंटर. ट्रॅक्टरच्या मागं 'आईची कृपा' लिही, किराणा दुकानाची पाटी रंगव, शाळेच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढ, असली कामं. सरदार त्यानं जन्मात काढला नव्हता. पण नाही कसं म्हणायचं? सहा फूट बाय चार फूट पत्रा त्यानं घरी आणला, पांढरा रंग मारून वाळत ठेवला आणि डोकं धरून बसला.

त्याच आठवड्यात तो काच आणायला धाराशिवला गेला. तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणायचे. तिथं मकबूल फ्रेमवाला त्याच्या ओळखीचा. मकबूलची एक रीत होती: तसबिरीच्या पाठीला तो कधी विकतचा पुठ्ठा लावायचा नाही, रद्दीतला जाड कागद कापून ठोकायचा. त्याचा बापही तेच करायचा. त्या दिवशी मकबूल एक फुटकी तसबीर उकलत होता आणि लक्ष्मीच्या मागून एक पिवळा, जाड कागद निघाला. बापानं कधीतरी ठोकलेला. उलटून बघितला तर त्यावर फौज होती.

उमाशंकर काचेचं विसरलाच. सगळं चित्र नुसत्या रेघांचं. काळ्या, सुईच्या टोकाइतक्या बारीक रेघा. एकावर एक आडव्यातिडव्या घालून त्यातूनच सावली काढलेली, त्यातूनच लोखंडाची चमक काढलेली. उंच ओट्यावर एक सेनापती उभा, डाव्या हातात तलवार उगारलेली. मागं भाल्यांची दाटी. एका अंगाला खांबावर टांगलेल्या ढाली, शिरस्त्राणं, झेंडे, सगळी लुटून आणलेली. आणि खाली पायरीशी हात मागं बांधलेले दोन कैदी. मकबूल म्हणाला, निजामाच्या वेळच्या कुण्या साहेबाच्या बंगल्यातली रद्दी असणार, घेऊन जा, माझ्या काय कामाची. उमाशंकरला वाटलं, ही इंग्रजांच्या वाडवडिलांची फौज असावी. कुणाची का असेना, सरदार म्हणतात तो असा असतो, हे त्याला तिथंच पटलं. त्या ओट्यावर उभ्या माणसापुढं नुसतं कागदावरसुद्धा मान खाली घालावीशी वाटत होती.

अडचण एकच होती. सेनापतीला चेहरा नव्हता. कसर लागून नेमकं तेवढंच भोक पडलं होतं.

चेहरा दिला बब्रुवाननं. बब्रुवान म्हणजे चन्नम्माचा नवरा, उमाशंकरच्या वर्गातला. शाळा चौथीत सुटली तेव्हापासून लोहाऱ्याच्या आडतीत हमाल. तीन रविवार तो उमाशंकरच्या अंगणात पालथ्या डब्यावर बसला. त्याला सारखं हसू यायचं. सरदार हसत नसतात म्हणून उमाशंकर दटावायचा, मग तो ओठ आवळून बसायचा आणि डोळ्यांनी हसायचा. शेवटी चिलखत कागदावरचं, चपला कागदावरच्या आणि डोळे बब्रुवानचे, असा सेनापती तयार झाला. मिशा तेवढ्या वाढवल्या.

पत्रा कचेरीत लागला त्या दिवशी लोक बघतच राहिले. सरपंचांनी विचारलं, बाबाचा चेहरा तुला कसा कळला रे? उमाशंकर म्हणाला, मनात आला. दिवस मावळेपर्यंत 'मनात आला'चं 'स्वप्नात आला' झालं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी पेंटरला दृष्टांत दिला हे गावभर झालं. नाही म्हणायला तेव्हा दोन शब्द पुरले असते. त्यानं ते खर्चले नाहीत, आणि पुढच्या जयंतीला पहिला फेटा त्याच्या डोक्याला बांधला गेला. तेव्हापासून दरवर्षी बांधला जातोय.

तुम्ही म्हणाल, गावात रोज दिसणारा माणूस, कुणीच कसा ओळखला नाही? अहो, पाठीवर पोतं असलेल्या माणसाचा चेहरा कोण बघतं? लोक पोतं बघतात, वाट देतात. एकट्या चन्नम्मानं पहिल्याच दिवशी ओळखला. घरी जाऊन नवऱ्याची यथेच्छ थट्टा केली आणि गप्प बसली. सांगितलं असतं तर लोकांनी चित्र उतरवलं असतं, एवढं तिला कळत होतं.

त्र्याण्णवचा भूकंप झाला. करवंजीत एकशे चार माणसं गेली. बब्रुवानचं घर दगडमातीचं, माळवदाचं; तो त्याखाली गेला. चन्नम्मा लेकीला घेऊन माहेरी आळंदकडं गेली होती म्हणून वाचली. त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला परवडला नव्हता आणि मतदानाची फोटोची कार्डं गावात आलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी जवानांनी कचेरीचा ढिगारा उपसला तर पत्रा निघाला. एक कोपरा वाकलेला, बाकी सेनापती धडधाकट. बाबा उभे राहिले, म्हणत लोकांनी तिथंच हात जोडले. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांना तेवढाच आधार झाला, त्यांना कोण दोष देणार? चन्नम्मानंही हात जोडले. नव्या वसाहतीत नवी कचेरी झाली तशी तिनं तिथलं झाडलोटीचं काम धरलं. रोज सकाळी फडकं ओलं करून ती पत्रा पुसायची, चेहरा सगळ्यात शेवटी पुसायची. किती भाविक बाई, असं गाव म्हणायचं.

आणि ते चित्र तर असं पसरलं की बोलायची सोय नाही. जीपच्या काचेवर बाबा, बॅनरवर बाबा, क्रिकेट संघाच्या बनियनवर बाबा. बाबा डावखुरे होते, हेही त्यातूनच ठरलं. डावखुरं मूल जन्मलं की बाबांचा अंश म्हणून पेढे वाटायची रीत पडली. उमाशंकरच्या धाकट्या नातवाच्या वेळीही वाटले होते.

तर असा सगळा मामला, आणि त्यात अर्पिता आली. ती तेरला जुन्या अवशेषांवर काम करणारी बाई; पुतळ्याच्या स्मरणिकेसाठी रणधीरनं तिला लेख सांगितला होता. बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं आली, आणि चहाची बशी खाली ठेवता ठेवता अगदी सहज विचारलं, बाबा डावखुरे होते हे तुम्हाला कुणी सांगितलं, काका? उमाशंकर म्हणाला, स्वप्नात तसेच दिसले. तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती, आणि म्हणूनच त्याला जास्त अवघडल्यासारखं झालं.

मग तिनं सांगितलं. असलं चिलखत, असल्या चपला रोमन लोकांच्या, दोन हजार वर्षांमागच्या. तेरच्या उत्खननात त्यांच्या व्यापाराच्या खुणा सापडतात म्हणून तिला ते ओळखीचं. पण रोमन सरदार तलवार उजव्या हातात धरायचा. डाव्या हातात ती एकाच कारणानं जाते: तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून सुईनं चित्र ओरखडलं, तेजाबानं त्या रेघा खाऊ दिल्या आणि कागदावर दाबून छापलं, की चित्र उलटं उमटतं. म्हणजे बाबा स्वप्नातून आले नव्हते, छापील कागदावरून आले होते.

उमाशंकरला तेजाब ठाऊक होतं, पितळी पाट्या त्यानं तसल्याच केल्या होत्या. तो उठला, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तो कागद काढून तिच्या हातात दिला. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं. इतक्या वर्षांत त्या रेघा बघून हरखणारं दुसरं माणूस त्याला भेटलंच नव्हतं. अर्पितानं कागद खिडकीपाशी धरला आणि बराच वेळ बघत राहिली. कडेला पत्र्याच्या दाबाची चौकट उमटली होती, तिच्यावरून तिनं हलकं बोट फिरवलं.

उमाशंकरनं विचारलं की ज्यानं हे काढलं त्यानं हा सरदार बघितला होता का. ती म्हणाली, कुठला बघतो? रोमन जाऊन हजार-बाराशे वर्षं लोटली होती. त्याच्या राजाला आपणही तसेच थोर दिसावं असं वाटायचं, म्हणून यानं फुटक्या पुतळ्यांवरून बेतून काढला. ते ऐकून उमाशंकर मोठ्यानं हसला. "म्हंजे त्यो बी आमच्यातलाच," तो म्हणाला.

"एक बघा काका," अर्पिता म्हणाली. "सगळं ऐकीव आहे, पण हे खालचे दोन कैदी नाहीत. यांचे चेहरे त्यानं समोर कुणाला तरी बसवून काढलेत. गल्लीतला पाववाला असेल, हमाल असेल."

उमाशंकरचं हसू तिथंच थांबलं. त्यानं तिला बब्रुवानचं सांगितलं, चन्नम्माचं सांगितलं, विसर्जनाचंही सांगितलं. जाताना एवढंच म्हणाली की तुमच्या परवानगीशिवाय मी काही छापणार नाही, पण खोट्याखाली माझं नावही घालणार नाही. स्मरणिका सोमवारी छापायला जायची होती.

त्या रात्री, नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो जेवला नाही. पत्रा वाचवायचा तर त्यावर बाबा नव्हतेच हे सांगावं लागणार. सांगितलं की फेटा गेला, शब्द गेला, लोकांच्या नजरेतला पेंटर गेला. सदुसष्टाव्या वर्षी लबाड म्हणवून घ्यायचं. न सांगावं तर पत्रा तलावात, आणि बब्रुवान दुसऱ्यांदा मातीत. बायकोनं, विठाबाईनं, ताट दोनदा झाकलं आणि तिसऱ्यांदा पुढं आणून आपटलं.

"अवो, तुमच्या सपनात बाबा कवा आले? त्या राती तुम्ही घोरत हुतात, म्या जागी हुते," ती म्हणाली. "तीस वरसं फेटा बांधून घेतला की. आता दोन घास खावा आन् जावा."

इतकी वर्षं तिला माहीत होतं आणि तिनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. उमाशंकर मुकाट्यानं जेवला.

रविवारी समिती बसली तेव्हा तो कागद पुठ्ठ्यात घालून घेऊन गेला. टेबलावर उलगडला. भाषण त्याला जमत नव्हतं, त्यानं सरळ सांगितलं: चिलखत ह्या कागदावरचं आहे, चपला इथल्या आहेत, हातही इथलाच आहे. मला कसलं स्वप्न पडलं नाही. मी खोटं बोललो नाही, पण लोक बोलले तेव्हा गप्प बसलो, आणि ते खोट्यापेक्षा चांगलं नाही.

कागद हातोहात फिरला. एकजण उठून बाहेर गेला तो पुन्हा आलाच नाही. दुसरा पुटपुटला की म्हाताऱ्याला वेड लागलंय. रणधीर कागदाकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या पत्र्याकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, मग चेहरा कुणाचा? चेहऱ्याच्या जागी तर इथं भोक आहे.

"बब्रुवानचा. आडतीतला हमाल."

समितीत सगळ्यात वयस्कर योगीराज अप्पा. त्यांनी उभी हयात त्याच आडतीत काटा धरला होता. ते उठले, खुर्ची भिंतीपाशी ओढली, दोघांनी धरल्यावर तिच्यावर चढले आणि खांद्यावरचा पंचा सेनापतीच्या शिरस्त्राणावर आडवा धरला. तुरा झाकला गेला. दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यांनी मिशा झाकल्या. मग मान मागं घेऊन बघितलं.

"आरं, ह्यो तर बब्रुवानच," अप्पा म्हणाले. "रोज माझ्याम्होरं पोतं टाकायचा की ह्यो."

खाली उतरले ते डोळे पुसतच. त्यांचाही थोरला लेक त्याच पहाटे गेला होता. पुढं कुणी वेडबिड म्हणालं नाही.

रणधीर भूकंपात सात वर्षांचा होता, आजी गमावलेला. तो रागावेल, ओरडेल अशी उमाशंकरची तयारी होती. तो नुसता खचल्यासारखा बसला होता.

"काका, दहावीच्या पेपरला जाताना मी ह्याच्या पाया पडून गेलोय," तो म्हणाला. "दरवर्षी पडतो. मग ते पाया पडणं कुणाला पोचलं?"

"शंभर किलोचं पोतं उचलणाऱ्या माणसाला," उमाशंकर म्हणाला. "वाया न्हाय गेलं."

त्यानंतर जे ठरलं ते गावं जसं ठरवतात तसंच ठरलं. पुतळ्याचे साचे झाले होते, पाहुण्यांच्या तारखा मिळाल्या होत्या, आणि बाबांचा हा पोशाख लोकांच्या मनात इतका बसला होता की धोतर-पागोटं नेसवलं असतं तर त्यांनी बाबांना ओळखलंच नसतं. तेव्हा पुतळा आहे तसा उभा राहणार. स्मरणिकेत अर्पितानं लिहायचं की भानजी नाईकांचं चित्र उपलब्ध नसून पुतळा कल्पनेनं घडवला आहे. तेवढं खरं होतं आणि तिला चालत होतं. पहिला फेटा मूर्तिकाराला. पेंटरनं यापुढं गप्प राहायचं. उमाशंकर सगळ्याला हो म्हणाला. मग त्यानं पत्रा मागितला. ज्याचं विसर्जन करायचं तो देवच नाही म्हटल्यावर अडवायला कारण उरलं नव्हतं. रणधीर स्वतः उठला आणि त्यानं भिंतीतले खिळे काढले. खाली उतरवताना वाकलेला कोपरा कुणाला लागू नये म्हणून त्याला आपला रुमाल गुंडाळला.

गप्प राहायचं ठरलं होतं, पण अकरा तोंडांचं गुपित किती दिवस टिकणार? आठवड्यात पेंटरला रामराम घालणारी माणसं कमी झाली. चहाच्या टपरीवर त्याचं बाकडं रिकामं राहू लागलं. त्याला वाईट वाटलं, वाटणारच. पण जेवण जात होतं, झोप येत होती. विठाबाई म्हणाली, आता घोरणं डबल झालंय.

अनावरणाच्या दिवशी चौकात लाऊडस्पीकर लागले, लेझीम आलं, जिल्ह्याचे पाहुणे आले. उमाशंकर रंगाचे डबे पिशवीत घालून उलट्या दिशेला, चन्नम्माच्या दोन खोल्यांच्या घराकडं निघाला. पत्रा तिच्या भिंतीला टेकवून उभा होता आणि खोलीत त्याच्यामुळं वावरायला जागा उरली नव्हती. तिनं हळदकुंकू वाहिलं नव्हतं की हार घातला नव्हता. नुसती समोर बसून लसूण सोलत होती.

काय काय उतरवायचं ते तिनंच सांगितलं. आधी डोक्यावरचं लोखंड. उमाशंकरनं पॉलिश पेपरनं घासून तुरा उतरवला आणि केस कसे काढू विचारलं. ती म्हणाली, पुढनं गेल्याले हुते. इतक्या वर्षांचा जोडीदार, पण मुंडासं सोडलेला बब्रुवान मोठेपणी उमाशंकरनं कधी बघितला नव्हता. त्यानं मुंडासं रंगवू का विचारलं तर चन्नम्माला हसू आलं. घरात कोण मुंडासं बांधतं?

मग चिलखत गेलं, पोटाची ती कोरीव वळणं गेली, आणि तिथं सुती बंडी आली. तिच्या सांगण्यावरून उजव्या खांद्याला ठिगळ आलं, पोत्यानं तिथं बंडी सारखी विरायची म्हणून. कमरेच्या पट्ट्यांवर धोतर आलं. वाद्यांच्या चपला पुसल्यावर पाय अनवाणी राहिले आणि ते तिला चाललं. मिशा दोन बोटं आखूड झाल्या. चेहऱ्याला त्यानं हात लावला नाही. चौकात फटाके वाजले, पुतळ्यावरचा पडदा पडला असावा. जयजयकार झाला, तो दोघांनी ऐकला आणि कुणी मान वळवली नाही.

तलवार शेवटी खरवडली. पात्याच्या जागी मागचा साधा रंग भरला. पण मूठ तशीच आवळलेली राहिली, काहीच न धरता, आणि ते विचित्र दिसायला लागलं. उमाशंकर दोन पावलं मागं सरकून बघत राहिला.

"वयनी, हूक देऊ का हातात? पोत्याला लावायचा? त्यो कायम असायचा त्याच्यापाशी."

चन्नम्मा हातातली लसणाची पाकळी तशीच धरून बसली.

"नगं," ती म्हणाली. "घरात आलं की त्ये हूक भाइर खुटीला टांगायचे. हात मोकळा ऱ्हाऊ द्या."

उमाशंकरनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसला आणि पत्र्यापुढं जमिनीवर बैठक मारली. आधी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट. चौकातले लाऊडस्पीकर बंद झाले, माणसं घरोघर पांगली, दारावरून जाताना एकदोघं आत डोकावून गेली. अंगठा तेवढा राहिला होता. ती मूठ उघडता उघडता त्याला संध्याकाळ झाली.